खोलीत पेटी चालणार नाही

माझी थोरली मुलगी दहावी झाली आणि आमच्या घरात बंद करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आमच्याकडे ही रीतच आहे. मूल अकरावीला, मेडिकलच्या तयारीसाठी लातूरला जाणार असेल तर घरातलं काय काय बंद झालं, यावरून आईबाप किती गंभीर आहेत ते लोक ठरवतात. आधी टीव्ही जातो. मग मुलाचा मोबाइल जातो आणि बटणांचा साधा फोन येतो. लग्नकार्यं बंद होतात. ओळखीच्या एका बाईंनी कॅरम माळ्यावर टाकला आणि चारचौघांत अभिमानानं सांगितलं. आमच्या घरात बंद करण्यासारखी मोठी वस्तू एकच होती, पेटी, म्हणजे हार्मोनियम. मी ती माझ्या हातानं जुन्या चादरीत बांधली आणि दोन वर्षांसाठी भोकरला धाकट्या भावाकडे पाठवून दिली. मुलगी दारात उभी राहून बघत होती. तिनं हट्ट धरला नाही याचं मला तेव्हा बरं वाटलं. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

माझं माहेर मुदखेडजवळचं खेडं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते गावच्या भजनी मंडळात चाल धरायचे. मंडळात बायकामुलींनी मागं बसून ओळ उचलायची, पेटीला हात लावायचा नाही, असा नियम होता. दादांनी तो मंडळात कधी मोडला नाही. पण शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापाशी बैलांना वैरण टाकता टाकता, त्यांनी सगळ्या चाली मला तोंडी शिकवल्या. त्यांनीच मला मुदखेडच्या शाळेत घातलं, पुढं नांदेडला कॉलेजात पाठवलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे उपकार मी विसरलेली नाही आणि शिक्षणाला मी कधी कमी लेखणार नाही. पण खासगी शाळेत नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी साडी घेतली नाही. एका मंडळाची जुनी पेटी घेतली. दोन्ही मुलींना त्याच पेटीवर मला येतं तेवढं शिकवलं. मी संगीताची कुठली परीक्षा दिलेली नाही, त्यामुळे चुकाही शिकवल्या असतील.

लातूरला आईनं मुलासोबत खोली करून राहायचं, हीही रीत. मी नोकरी सोडली. नवरा आणि धाकटी मुलगी नांदेडला राहिले. आमच्या गल्लीत प्रत्येक घरावर मजले चढवलेले आणि प्रत्येक मजल्यावर माझ्यासारख्या आया. घरमालकीण काकूंनी किल्ली देतानाच सांगितलं होतं, "टीव्ही न्हाई, पाहुणे न्हाई, गाणं-बजावणं न्हाई. मागच्या साली एक लेकरू मेडिकलला लागलं ते ह्याच खोलीतून. खोलीला गुण हाय."

लातूरला मी नावं ठेवणार नाही. तिथली मुलं जे कष्ट करतात ते मी डोळ्यांनी पाहिले आहेत. पहाटे पाचला गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांत दिवे लागलेले असत. दर रविवारी चाचणी, दर मंगळवारी आईच्या मोबाइलवर रँक. मंगळवारी जिन्यात भेटणाऱ्या बायकांचा चेहरा बघूनच कळायचं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. मी भाकरी थापत होते आणि थापता थापता दादांची एक चाल तोंडात आली. मुलगी पुस्तकातून दचकून वर बघत म्हणाली, "आई, हळू ना. वरचे ऐकतील."

भाकरी तव्यावर करपली. ही तीच पोरगी होती जी सहा वर्षांची असताना पाहुण्यांसमोर एवढ्या मोठ्यानं गायची की सासूबाई कानांवर हात ठेवायच्या. तिला मी म्हटलं, "बरं, तू म्हण. हळूच म्हण." तिनं तोंड उघडलं. आवाज आला तो नुसता वारा. सूर लागेना. चार महिन्यांत ती कुजबुजायला शिकली होती आणि ते मीच तिला शिकवलं होतं.

दुसऱ्याच रविवारी मी भोकर गाठलं. भावानं पेटी धान्याच्या कोठीवर ठेवली होती.

"आक्का, काय करून राहिलीस तू?" तो म्हणाला. "लेकीला डॉक्टर करायचं हाय का आर्केस्ट्रात घालायचं हाय?"

"तिचं ती ठरवील. तू पेटी खाली काढ."

"दाजींना विचारलंस का?"

"दाजींना विचारून बांधली नव्हती, सोडताना कशाला विचारू?"

तो हसला, पण पेटी एसटीत चढवताना कंडक्टरला म्हणालाच, "जपून न्या साहेब, ह्यात आमच्या भाचीचं एक साल हाय."

नवऱ्याला फोन केला. ते एवढंच म्हणाले, "पोरीचं वर्ष गेलं तर लोक तुला धरतील. मी धरणार नाही, पण लोक धरतील."

मी म्हटलं, "धरू द्या."

संध्याकाळी सहा ते साडेसहा, क्लास सुटल्यावर आणि जेवणाआधी, असा अर्धा तास मी ठरवला. दार-खिडक्या लावून वाजवली. तिसऱ्या दिवशी काकू वर आल्या. मागं जिन्यात दोन आया उभ्या.

"ताई, खोलीत पेटी चालणार न्हाई. मी सांगितलं होतं का न्हाई?"

"सांगितलं होतं, काकू. पण शेजारच्या लग्नाचा डीजे चालला तेव्हा तुम्ही तिकडं सांगायला गेला नव्हतात."

"त्यांचं लगीन होतं!"

"आमचं जगणं आहे."

जिन्यातल्या एक बाई म्हणाल्या, "बाई, तुमची पोरगी हुशार असंल, गाऊन पास व्हईल. आमच्या लेकराचं काय?" या बाईंचं मला खोटं वाटलं नाही. त्यांचा मुलगा तीन रविवार खाली घसरत होता. त्यांना त्रास देण्याचा हक्क मला नव्हता. पण पोरीचा आवाज मिटवण्याचा हक्कही मला नव्हता, आणि तो मी एकदा वापरून बसले होते. काकू म्हणाल्या, "पेटी ठेवा न्हाई तर खोली ठेवा." मी खोली सोडली.

नवी खोली शोधताना नऊ ठिकाणी नकार आला. पेटीचं आधीच सांगायचं, लपवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. दहावी खोली पिठाच्या गिरणीवर होती. ती रिकामीच असायची, कारण त्या आवाजात कोण अभ्यास करणार? गिरणीवाले मामा आधी पेटीकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, इथं विमान उतरलं तरी कुणाला कळायचं न्हाई. वाजवा खुशाल!"

गिरणी संध्याकाळी सातपर्यंत चालायची, त्यामुळे आमचा अर्धा तास त्या घरघरीतच जायचा. पहिल्या दिवशी मुलगी गायली ते मला दोन हातांवरसुद्धा ऐकू आलं नाही. "मोठ्यानं," मी ओरडले. "खालच्या दगडाला ऐकू गेलं पाहिजे!" ती हसली. मग पट्टा फिरताना जो घूं आवाज यायचा, तो आम्ही पेटीवर शोधला. काळी चार पट्टीच्या किंचित खाली होता. त्याच्यावरच सा धरला. ज्वारी पडली की सूर स्थिर बसायचा, हरभऱ्याची डाळ पडली की तो घसरायचा आणि मुलगी खिडकीतून ओरडायची, "मामा, डाळ नंतर दळा!" आठवड्याभरात तिचा आवाज गिरणीच्या वर निघाला. धाकटी नांदेडहून फोनवर असायची, ताटावर चमच्यानं ताल धरायची. फोनमुळे तिचा ठेका नेहमी अर्ध्या मात्रेनं उशिरा पोचायचा. थोरली तिच्यासाठी थांबायला शिकली.

अभ्यास ती सातनंतर करायची, गिरणी थांबल्यावर. सकाळचा वेळ क्लासच्या वाचनालयात. तरी जानेवारीत दोन चाचण्यांत रँक खाली आली आणि क्लासच्या सरांनी मला बोलावलं. ते मनापासून बोलले, हेही लिहिलं पाहिजे.

"ताई, दोन वर्षं थांबवा हो. गाणं कुठं पळून चाललंय?"

मी खुर्चीच्या टोकाशी बसले होते. शाळेत नोकरी करूनही खेड्यातून आलेल्या बाईला सरांपुढं बोलायची सवय नसते. मी म्हटलं, "सर, पळून जातं. चार महिन्यांत गेलं होतं. मी पाहिलंय. जेवायलाही तिला अर्धा तास लागतो, तो तुम्ही बंद करा म्हणत नाही."

"चाचणी बिघडली तर?"

"तर ती चाचणी बिघडली. अभ्यास आम्ही वाढवू. हा अर्धा तास मात्र तुम्ही मागू नका."

बाहेर आल्यावर मुलीनं विचारलं, "काय म्हणाले?" सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पेटी भोकरला होती तेव्हा पण रँक पडलीच होती की एकदा. तेव्हा त्यांनी कुणाला बोलावलं नव्हतं." मग थोडं थांबून, "आई, भीती वाटते मला." मी म्हटलं, "मलाही." ही भीती पुढं दीड वर्ष आमच्यासोबत त्या खोलीत राहिली. पण एकाही संध्याकाळी आम्ही त्या भीतीला पेटीवर चढून बसू दिलं नाही.

तिचा निकाल लागून आता बरेच दिवस झाले. तिला किती मार्क पडले ते मी इथं लिहिणार नाही. चांगले पडले म्हटलं तर लोक म्हणतील, बघा, संगीतानं बुद्धी वाढते, आणि पोरांना मार्कांसाठी पेटी शिकवायला बसवतील. कमी पडले म्हटलं तर म्हणतील, आम्ही सांगत होतोच. दोन्हीकडे गाणं मार्कांच्या दारातच उभं राहतं. मला ते तिथं उभं करायचं नाही. ज्यांना उत्सुकता आहे त्यांनी रविवारी नांदेडला आमच्या घरी यावं, दोघी बहिणी गातात. चहा मिळेल. मार्क विचारले तर मिळणार नाही.