म्हसोबाच्या जत्रंतली पयली सुरी

इमामभावजींचं नाव निघालं, की लोक म्हनत्यात, लय गरीब मानूस. मला राग येतो. गरीब कसला? त्या मानसानं अख्खा गाव दुपारपातूर उपाशी बसवला व्हता, आन् ते बी तोंडातनं चढा शब्द न काढता. मी डोळ्यांनी बघितलंय. ज्या घरापायी बसवला ते घर माझंच.

मी साळूबाई. पलूसच्या पलीकडं आमचं गाव. मालक फौजेत सुभेदार व्हते, ते वारले. इमाम मुलानी त्यांच्या बरुबरीचे, म्हनून माझे भावजी. म्हसोबाच्या जत्रंला आमच्याकडं दारोदार बकरं पडतं, ते मुलान्याच्या हातनं. घरच्या कर्त्यानं बकरं धरायचं, मुलान्यानं बिस्मिल्ला म्हनून सुरी फिरवायची. पयलं आमच्या दारात, मग गावाचं. सुरी मुलान्याची म्हनून त्याच मटनाच्या पंगतीला मोमीन गल्ली बी बसती. आमी सून म्हनून आलो तवापास्नं हेच बघत आलोय.

ते मोडलं माझ्या पोरानं, विश्वजीतनं. धर्माचा झेंडा घेतलेल्या पक्षात शिरला. म्हनलं, देवाधर्माचं करतंय, करू दे. मी बी देवभोळीच की. पर गेल्या साली पक्षातली पोरं म्हनाय लागली, आमच्या देवाला मुलान्याची सुरी कशाला? गुंडा म्हनून त्यांचा म्होरक्या हाय. त्याचं ऐकून विश्वजीतनं भायेरनं मानूस आनला. इमामभावजी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून दारात आले आन् तसेच माघारी गेले. मोमीन गल्लीतलं एक मानूस जेवाय आलं न्हाई. कसं येनार? मी बी त्या दिवशी जेवले न्हाई.

आन् यंदा लागली झेडपीची इलेक्शन. मोमीन गल्ली जिकडं, तिकडं शीट. पक्षाचे सांगलीचे साहेब म्हनले, मुसलमान मतं जवळ करा. झालं, आमचं ध्यान निघालं इमामभावजींच्या घराकडं. खातूनबीला, त्यांच्या मालकिनीला भेटायचं निमित्त करून मी बी संगं गेले.

विश्वजीत सुरूच झाला. शादीखाना बांधू, कब्रस्तानाला भिंत घालू, पोरांना धंद्याला कर्ज काढून देऊ. त्यांचा पोरगा सरफराज माधवनगरला यंत्रमागावर कामाला हाय, त्यो सुट्टीला आलेला. त्यो उखडला.

"गेल्या साली आमची सुरी चालंना. यंदा मतं चालत्यात व्हय?"

भावजींनी त्याला हातानंच गप केलं. "विश्वा, भिंत घाल न्हाईतर नगं घालू. आमची मेलेली मानसं कुठं पळून जात न्हाईत. जत्रंला तुझ्या दारात पयली सुरी माझी. बकरं तू सोता धरायचं. मग मताचं बोलू."

"येवढंच व्हय, चाचा? करू की. तांबडं फुटायला, मागं परड्यात उरकून टाकू."

"परड्यात चोरीचं काम करत्यात," भावजी म्हनले. "म्होरल्या दारात. गाव बघत आसताना."

विश्वजीतचं तोंड उतरलं. घरी येऊन त्यानं सांगलीला फोन लावला. साहेबांचा आवाज म्हंजे ढोल, मला भाकरी थापताना सगळं ऐकाय आलं. "मतं पायजेत, फोटो नकोत. तिकीट अजून जाहीर झालेलं न्हाई, येवढं ध्यानात ठेव." जत्रंला साहेब आमच्याकडंच जेवाय यायचे व्हते. तिकिटाचं तिथंच सांगनार व्हते. विश्वजीतनं भावजींना हो बी कळवलं न्हाई, न्हाई बी कळवलं न्हाई.

जत्रंच्या सकाळी बकरं दारात बांधलं. हळदकुंकू लावलं, अंगावर पानी शिंपडलं. बकऱ्यानं लगीच अंग झाडलं. अंग झाडलं म्हंजे देवानं मान्य केलं. देव तयार, बकरं तयार, आमचा कर्ता, विश्वजीत, तेवढा आत-भायेर करतोय.

समोर देवळाच्या कट्ट्यावर इमामभावजी येऊन बसले. त्योच धुतलेला सदरा, मांडीवर फडक्यात गुंडाळलेली सुरी. रस्त्याला गुंडाच्या पोरांनी गाड्या आडव्या लावलेल्या. सगळ्यांच्या हातात मोबाईल.

ऊन वर आलं. घराघरात पाव्हनं येऊन बसलेलं, चुली थंड. शेवटी शेजारचा केरबा कट्ट्यापाशी गेला.

"मुलानी, माझं बकरं आधी घ्या. सुभेदाराच्या घरचं त्यांचं त्ये बघतील."

म्हनलं, गेला आमच्या दाराचा मान. आन् घालवला कुनी, तर पोटच्या पोरानं.

भावजी जागचे हलले न्हाईत. "पयला मान सुभेदाराच्या दाराचा. तिथलं पडल्याबिगार मी फडकं सोडत न्हाई."

"मग मी काय करू? भायेरनं मानूस आनू?"

"आन की. मी कुठं अडवलंय?"

केरबानं कुनाला बोलावलं न्हाई, तिथंच कट्ट्याला टेकून बसला. मग आनिक दोघंतिघं येऊन बसले. बाया दारात आल्या. बघता बघता सगळा गाव आमच्या दाराकडं तोंड करून बसला. ज्या मानसाला आमी माघारी लावलं, त्योच आमच्या घराचा मान राखत बसलेला. मला धरनी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

गुंडा आत आला. "दादा, भायेरचा मानूस पलूसात तयार हाय. फोन करू का? साहेब निघाल्यात."

विश्वजीतनं माझ्याकडं बघितलं. "आये, काय करू?"

"मला कशाला इचारतोस? तुझा बाप हे बकरं धराय बर्फातनं सुट्टी काढून यायचा. तुला वसरीवरनं अंगनात जाववंना. सर बाजूला, मी धरते. माझ्या हातात अजून ताकद हाय. मग मतं बी मीच मागते."

त्यो बाह्या सारून भायेर गेला, गुडघे टेकून बकऱ्याला धरलं. "चाचा, या," म्हनला.

गुंडानं मोबाईल त्याच्या तोंडापाशी नेला. "दादा, हे आत्ता साहेबांना जातंय बघा."

"जाऊ दे."

इमामभावजी उठले, सावकाश आले, फडकं सोडलं. "घट्ट धर," येवढंच म्हनले. बिस्मिल्ला केली. झालं. केरबा उठून घराकडं पळाला, त्याच्या मागनं बाकीचे. गुंडाच्या पोरांनी गाड्या चालू केल्या आन् निघून गेली.

साहेबांची गाडी पलूसपातूर आली व्हती म्हनं. फोटो बघून तिथनंच वळली. नुसता एक निरोप आला विश्वजीतच्या मोबाईलवर, त्यो त्यानं वाचला आन् खिशात घातला. तोंडावरनंच कळलं.

पंगत बसली. मोमीन गल्ली आली. सरफराज बी आला, फुगलेलं तोंड घेऊन का हुईना. पंगतीच्या म्होरं साहेबांसाठी पाट मांडला व्हता, त्यो तसाच मोकळा. मी म्हनलं, "भावजी, बसा तिथं." ते नगं नगं म्हनत बसले.

विश्वजीत रश्शाची बादली घेऊन वाढत वाढत त्यांच्यापाशी आला आन् थांबला.

"बोल आता," भावजी भाकरी चुरत म्हनले. "मत माग."

"तिकीट गेलं, चाचा. आता काय मागू?"

"तवा मागत व्हतास ते साहेबांसाठी. आता सोतासाठी माग की. देईन का न्हाई त्ये माझं मी बघीन."

येरवी भाषनाला उभं ऱ्हायलं की आवरत न्हाई माझं पोर, त्यानं बादली खाली ठेवली.

"गेल्या साली दारातनं माघारी लावलं, चाचा..." येवढंच म्हनला.

भावजींनी वाटी म्होरं केली.

"वाढ," म्हनले, "रस्सा निवतोय."