वेलांटी चालत नाही

"मॅडम, तुमचं ते सॉफ्टवेअर वेलांटी घेत नाय," सिस्टर फोनवर म्हणाल्या.

मला वाटलं, कीबोर्डचं काहीतरी असेल. मी त्यांना सेटिंगमध्ये जाऊन भाषा तपासायला सांगितली. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कीबोर्ड बरोबर हाय. काना बी घेत नाय, मात्रा बी घेत नाय. लाल अक्षरात येतं, फक्त अक्षरे टाका. मग मी काय टाकत होते, मॅडम?"

सिस्टर म्हणजे सुरगाण्याकडच्या पाड्यांवर लसीकरणाला जाणाऱ्या नर्स. त्या एका छोट्या संस्थेत होत्या, आणि त्या संस्थेसाठी मुलांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर मी बनवलं होतं. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं सहा माणसांचं ऑफिस आहे. तिथे बसून मी ते तीन आठवड्यांत उभं केलं, आणि लवकर झालं म्हणून माझं कौतुकही झालं होतं.

पुढे सिस्टरनी जे सांगितलं ते ऐकताना मी हातातला चहा खाली ठेवला. पहिल्या शिबिराला जीप थांबलेली, बायका पोरं घेऊन उन्हात उभ्या, मला फोन लावायला मोबाइलला रेंज नाही. सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय लॅपटॉपवरच चालायचं. मशीन नाव घेईना. तेव्हा सिस्टरनी एकेक काना, एकेक वेलांटी, एकेक अनुस्वार काढून बघितला. सगळं काढल्यावर नाव गेलं. मग त्या दिवसाची सगळी मुलं त्यांनी तशीच नोंदवली. त्यांची लसीकरणाची कार्डंही आमच्या ऑफिसने तशीच छापून पाठवली. कोणी बघितली नाहीत. मीही नाही.

दुसऱ्या शिबिराला सिस्टर रजेवर होत्या. बदलीवर आलेल्या मुलीने कार्डं वाटली. एका आईने कार्ड वाचलं आणि परत दिलं. "हे माझ्या पोरीचं नाव नाय," ती म्हणाली. बदलीवालीने पोरीचं खरं नाव मशीनमध्ये शोधलं. मशीन म्हणालं, फक्त अक्षरे टाका. तिने आईला सांगितलं की तुमची नोंदच नाही, डोस देता येणार नाही, पुढच्या वेळी या. ती बाई पोरीला कडेवर घेऊन डोंगर उतरून आली होती. तशीच चढून परत गेली.

"डोस चुकला?" मी विचारलं.

"चुकला ना," सिस्टर म्हणाल्या.

मी फोन ठेवला आणि कोड उघडला. चूक सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. आम्ही पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं एक फ्रेमवर्क वापरतो. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा. लॉगिन, फॉर्म, तपासण्या असं रोज लागणारं सगळं त्यात आधीच करून ठेवलेलं असतं. ते फुकट असतं, जगभरचे लोक मिळून ते सांभाळतात. त्यात नावासाठी एक तयार रकाना होता, आणि मी तोच उचलून लावला होता. तो रकाना प्रत्येक चिन्ह अक्षर आहे का ते बघायचा. कॉम्प्युटरमध्ये 'का' हे एक अक्षर नसतं. 'क' वेगळा आणि काना वेगळा साठवलेला असतो. पायथनच्या हिशेबी 'क' अक्षर आहे, काना नाही. म्हणजे वरण चालतं, भात चालत नाही. मध चालतो, पाणी चालत नाही. युरोपातल्या भाषांमध्ये अक्षरावर छोटी रेघ किंवा टिंबं असतात, त्यांच्यासकट ते अक्षर एकच धरलेलं असतं, म्हणून ते बिनबोभाट पास होतं.

पण मग मी तपासलं तेव्हा चाललं कसं? मग आठवलं. मी माझंच नाव टाकून तपासलं होतं. माझ्या नावात काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही. आडनावाच्या रकान्यात मी आळसाने पुन्हा तेच नाव टाकलं होतं. मराठी चालतं, असा शेरा लिहून मी घरी गेले होते.

आमच्यापुरती दुरुस्ती तीन ओळींची होती. ती दुपारीच झाली. सरांनी, म्हणजे ऑफिसच्या मालकांनी, बघून मान हलवली. मी म्हटलं, "सर, मी हे फ्रेमवर्कवाल्यांना कळवते. हे मुळातच बदलायला हवं."

"आपलं झालं ना? मग सोड की."

मला सोडता आलं नाही. ही तपासणी लावून आणखी किती जणांनी किती नावं परत पाठवली असतील, हे डोक्यातून जाईना. त्याहून खरं सांगायचं तर मला माझा स्वतःचा राग आला होता, आणि तो कुठेतरी नेऊन टाकायचा होता.

मी फ्रेमवर्कच्या साइटवर नीट इंग्रजीत मागणी लिहिली. काय होतं, का होतं, काय बदलावं, उदाहरणांसकट. चहा पिऊन परत आले तर ती बंद केलेली होती. कोणीतरी एका ओळीत लिहिलं होतं, हा आमचा दोष नाही, अक्षर कशाला म्हणायचं ते पायथन ठरवतं, तिकडे जा. मी लिहिलं की पायथनची व्याख्या तिच्या जागी बरोबर असेल, पण ती व्याख्या माणसांच्या नावांना लावायचं तुम्ही ठरवलंत. मागणी पुन्हा उघडली गेली आणि मला सांगण्यात आलं की नव्या फीचरची चर्चा आधी फोरमवर, म्हणजे त्यांच्या चर्चेच्या जाहीर पानावर, करायची असते.

फोरमवर गेले. तिथे तीन आठवडे माझी सकाळ गेली. मी नाशिक रोडला आईवडिलांकडे राहते. आंघोळीआधी लॅपटॉप उघडायचा, आलेली उत्तरं वाचायची, दातओठ खात सभ्य इंग्रजी लिहायचं आणि मग बस पकडायची, असा माझा दिनक्रम झाला.

एकाने विचारलं, ही अडचण खरंच किती लोकांना येते, मागणी आहे याचा पुरावा दाखवा. मी लिहिलं की मराठी आहे, हिंदी आहे, तमिळ, बंगाली, नेपाळी आहे, तिकडे थाई आहे. त्याने उत्तर दिलं की भाषा किती ते मी विचारलं नाही, इथे किती जणांनी तक्रार केली ते विचारलं. दुसरा म्हणाला, तुम्ही तुमच्यापुरतं तीन ओळींत करू शकता, मग सगळ्यांवर बदल कशाला लादता? तिसरा मोठ्या प्रेमाने म्हणाला की आमचं फ्रेमवर्क आधीपासूनच सगळ्या भाषांना सांभाळून घेतं, आणि त्याने स्वतःच्या आडनावाचं उदाहरण दिलं. त्यात एका अक्षरावर दोन टिंबं होती.

हे सगळं मी गिळलं. गिळता आलं नाही ते चौथ्याचं. नावावरून तो आपल्याकडचाच होता, पुण्यामुंबईचा असावा. त्याने लिहिलं, मी भारतीय आहे, मला कधी ही अडचण आली नाही. आमच्याकडे सगळ्या गंभीर कामांत नावं इंग्रजीतच भरतात. त्या पोस्टला भराभर अंगठे मिळाले. सगळ्यांना हवा होता तो साक्षीदार त्यांना मिळाला होता.

बाबा समोर पेपर वाचत होते. बाबा इथल्याच नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी छापलेले कागद तपासले. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काय झालं?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून ती चर्चा वरपासून खालपर्यंत वाचली.

"हे लोक तुझे साहेब आहेत का?"

"नाही."

"मग यांना पगार कोण देतं?"

"कोणीच नाही. आपापली नोकरी सांभाळून करतात."

"मग त्यांनी तुझं का ऐकावं?"

"म्हणजे त्यांचं बरोबर आहे?" माझा आवाज चढला.

"तसं मी म्हटलं नाही," बाबा म्हणाले. "आमच्याकडे एक वेलांटी तुटलेली दिसली तर कागद बाद व्हायचा. पण तो माझ्या कामाचा भाग होता. यांच्या नाही, असं त्यांना वाटतंय. तो आहे, हे तुला त्यांना पटवावं लागेल. भांडून पटत नाही."

मला ते त्या क्षणी अजिबात ऐकायचं नव्हतं. मी खोलीत गेले, दार लावलं आणि फोरमवर एक उत्तर लिहिलं. त्या चर्चेत बोललेल्या प्रत्येकाला मी नावानिशी उत्तर दिलं, आणि प्रत्येकाच्या नावातले स्वर काढून टाकले. चौथ्यासाठी त्याचं नाव देवनागरीत लिहिलं आणि काना-वेलांट्या उडवल्या. जे उरलं ते उच्चारताही येत नव्हतं. खाली लिहिलं, "तुमची नावं आमच्या सिस्टिमला चालण्यासारखी करून घेतली आहेत. गैरसोय होत असेल तर तीन ओळी लिहा."

मी ते पोस्ट केलं. फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

दुपारी चर्चेला कुलूप लागलं आणि मला ईमेल आला. भाषा अगदी मऊ होती. आमच्या समुदायात वैयक्तिक अपमान खपवून घेतला जात नाही, सहभागी लोकांच्या नावांचा आदर राखावा, आपल्याला दोन आठवडे लिहिता येणार नाही.

नावांचा आदर राखावा. मी ते वाक्य सरांना मोठ्याने वाचून दाखवलं. सर हसले. मला हसू आलं नाही. एका बाईने तेच सांगितलं होतं, कार्ड परत करून. तिला मऊ भाषेत कोणी ईमेल केला नव्हता.

बंदीचे दोन आठवडे संपायच्या आत एक वेगळा ईमेल आला. दोन टिंबांच्या आडनावाच्या त्या माणसाचा. त्याने लिहिलं होतं की तुझी पोस्ट वाचून मी दोन दिवस संतापलो होतो. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी कशाने संतापलो होतो. तरीही तू केलंस ते चूक होतं, कारण आता त्या चर्चेत मुद्दा कोणालाच आठवत नाही, तू आठवतेस. पुढे त्याने एक अडचण मांडली होती, आणि ती खरी होती. मात्रांना सरसकट मोकळीक दिली तर कोणीही एका अक्षरावर पन्नास चिन्हं रचून सगळं पान विस्कटून टाकू शकतो, किंवा डोळ्याला सारखीच दिसणारी दोन नावं बनवून लोकांना फसवू शकतो. यावर उपाय असेल तर कोड लिही, मी तपासतो.

त्याचं बरोबर होतं याचाही मला राग आला. पण मी कोड लिहिला.

उन्हाळा त्यात गेला. कुठल्या अक्षरानंतर कुठलं चिन्ह येऊ शकतं, किती येऊ शकतात, याचे नियम मी बसवले. तो माणूस तपासायला कडक होता. माझ्या एकेका ओळीवर त्याचे चार चार शेरे यायचे, आणि त्यात एकही गोड शब्द नसायचा. मला ते चालत होतं. मराठीच्या तपासणीसाठी मी सिस्टरना विचारून पाड्यांवरच्या सगळ्यांत अवघड नावांची यादी मागवली. त्यांनी वहीच्या पानांचे फोटो पाठवले. या वेळी मी एकेक नाव हाताने टाकून बघितलं.

शेवटी मुख्य मंडळींनी मत दिलं. मागणी मंजूर झाली. मी खाली वाचत गेले. नवी सोय जोडण्यात येईल, पण ती मुळात बंद असेल. ज्यांना हवी त्यांनी आपल्या सेटिंगमध्ये चालू करावी, म्हणजे जुन्या वापरणाऱ्यांना त्रास होणार नाही.

मुळात बंद. म्हणजे माझ्यासारखी कोणीतरी घाईत तयार रकाना उचलणार, तिला हे माहीतच नसणार, आणि पुन्हा कुठल्यातरी डोंगरावर फक्त अक्षरे टाका असं लाल अक्षरात येणार. ज्याला माहीत आहे त्याला या बटणाची गरज नाही. तो तीन ओळी लिहून मोकळा होतो. मी हे फोरमवर लिहिलं, या वेळी सगळ्यांची नावं पूर्ण लिहून. दोघांनी पाठिंबा दिला. निर्णय बदलला नाही. ईमेलवाल्या माणसाने मला कळवलं की त्याने माझ्या बाजूने मत दिलं होतं आणि तो हरला.

सरांनी ऑफिसात पेढे आणले. आमच्या ऑफिसचं काम जगभर पोचलं म्हणून. मी एक खाल्ला, आणि दिवसभर कोणाशी धड बोलले नाही.

पुढच्या शिबिराला मी सिस्टरबरोबर गेले. नवी कार्डं मीच तपासून छापून घेतली होती. शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं होतं. मधल्या काळात सिस्टर त्या आईच्या घरी जाऊन पोरीला चुकलेला डोस देऊन आल्या होत्या, ते मला तिथे गेल्यावर कळलं. ती बाई आली तेव्हा सिस्टरनी मला नुसती खूण केली. मी कार्ड पुढे केलं. तिने ते वाचलं. बोट फिरवत, सावकाश, शेवटपर्यंत.

"बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आधी का नाय लिवलं नीट?"

सिस्टर मध्ये पडल्या. "अगं, मशीनची चूक होती. या मॅडमनी ती दुरुस्त केली."

बाईने माझ्यावरची नजर काढली नाही. उन्हाळाभर मी जगातल्या हुशार लोकांना उत्तरं दिली होती, मुद्देसूद, उदाहरणांसकट. तिला सांगायला माझ्याकडे एकच गोष्ट होती.

"मी तपासलं नव्हतं," मी म्हटलं.

तिने मान हलवली, कार्ड पिशवीत ठेवलं आणि पोरीचा दंड मोकळा करून सिस्टरसमोर धरला.