पडदा पारखणारा

आठवीत शाळा सोडलेला मी, घरापासून लांब मेहकरात हमाली करतो. बहिणीला लॅपटॉप घ्यायला गेलो, तेव्हा फसायची धास्ती होती. दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिरानं तिथला तयार लॅपटॉप तिरपा करून मलाच विचारलं, "बाजूनं अक्षर पुसट दिसते का?"

"हो."

"मंग हा घेऊ नका. चांगल्या पडद्याचा ऑर्डर देऊन मागवा. पोरीचे डोळे वाचतीन."

पावती त्यानं नाक टेकवून लिहिली, तीही वाकडी. मी बघतोय हे कळताच हळूच म्हणाला, "मालकाले सांगू नका, दादा. मले दिसत नाही म्हटलं तर तो मले काढून टाकीन."

मी सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी लॅपटॉप घ्यायला गेलो, पडदा लख्ख होता. म्हातारा कुठंय विचारलं, तर मालक म्हणाला, "बुढ्याले काढलं. आंधळा माणूस काय माल दाखवीन?"

बहीण रोज त्या पडद्यावर वाचते. हा कुणी निवडला विचारते, आणि मला त्याचं नावही माहीत नाही.