कंबर धरते, असं सांगायचं

“अंग बाहेर येतं म्हणजे? अख्खं अंग?” डॉक्टरांनी खुर्ची मागे सारली आणि उघड्या दारातून बाहेरच्या बाकाकडे पाहिलं. “मग आत काय उरलं, मावशी?”

बाकावरची माणसं हसली. कंपाउंडर हसला. त्या बाकावर आमच्या शेजारच्या वाडीतले दोन बाप्येही बसले होते, तेही हसले.

आईसुद्धा हसली. पदराचं टोक दातांत धरून, मान खाली घालून. मी तेव्हा नववीत होते. तिच्या शेजारी उभी होते. तिला हसताना पाहून क्षणभर वाटलं की विनोद काही वाईट नसावा, मलाच तो कळला नसावा.

“किती पोरं काढलीस?” डॉक्टरांनी विचारलं.

“पाच. दोन गेली.”

“आणि कामं काय करतेस?”

“घरचीच.”

आमची वाडी पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत आहे. त्या वाडीतल्या ‘घरच्याच’ या शब्दात काय काय येतं, हे येथे सांगणं आवश्यक आहे. उन्हाळ्यात खालच्या झऱ्यावरून चढणीने आणलेले हंडे. भाताचा राब, म्हणजे रोपं वाढवायची जमीन, भाजायला तोडलेल्या फांद्यांचे भारे. पावसात दिवसभर कमरेत वाकून केलेली लावणी. सरपण. माझा धाकटा भाऊ जन्मल्यावर आई बाळंतिणीच्या खाटेवरून उठली ती सरळ हंडा घेऊन गेली, कारण घरात दुसरं कोणी आणणारं नव्हतं. वडील मुंबईला होते. त्यानंतर तिचं अंग बाहेर येऊ लागलं. वाडीतल्या मोठ्या बायांनी तिला शिकवलं की कापडाची जाड घडी करायची, कासोटा घट्ट आवळायचा आणि काम करत राहायचं. त्या सगळ्या तेच करत होत्या.

मी आता शिक्षिका आहे. भाषा शिकवते. अंग म्हणजे शरीर, हा अर्थ मुलांना पहिल्यांदा सांगते. अंगात ताप येतो. नदीच्या पलीकडच्या अंगाला शेत असतं. एखादं काम अंगावर पडतं. आमच्याकडच्या बायकांनी या शब्दाला आणखी एक अर्थ दिला आहे. ज्या अवयवाचं नाव घ्यायला त्यांना कोणी शिकवलं नाही आणि ज्याचं नाव घेतलेलं कोणाला खपलंही नसतं, त्या अवयवासाठी त्यांनी हा शब्द निवडला. गर्भाशयासाठी. शरीर या अर्थाचा अख्खा शब्द त्यांनी एका अवयवाला दिला. माझ्या मते याहून शालीन शब्द मराठीत सापडणं कठीण आहे. दवाखाना महाडचा होता आणि डॉक्टरही महाडमध्येच वाढलेले होते. त्यांना तो अर्थ माहीत नव्हता, हे मी आजही मान्य करत नाही.

त्यांनी आईला पडद्यामागच्या टेबलावर झोपवलं, तपासलं आणि “ऊठ आता” म्हणून ते बाहेर गेले. मी पडद्याआड तिला लुगडं नेसवू लागले. कापडाची घडी जागेवर बसत नव्हती. तेवढ्यात बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डॉक्टर उभे राहिले होते.

“या या काकू! फोन करायचात ना, मीच घरी आलो असतो.” मग कंपाउंडरला, “दार लाव रे.”

दार लागलं. आम्ही आतच होतो, पण आम्ही कोणाच्या खिजगणतीत नव्हतो. पडद्याच्या फटीतून मला गावातल्या एका मोठ्या वकिलांची बायको दिसली. खुर्चीवर बसलेली. तिच्या शेजारच्या खुर्चीवर माझ्याच वयाची तिची मुलगी होती, पायांत पांढरे मोजे. बाईंनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, इतक्या हळू त्या बोलल्या. डॉक्टरही तितक्याच हळू बोलत होते. फक्त ते आमच्या अगदी जवळ उभे होते.

“याला प्रोलॅप्स म्हणतात. गर्भाशय थोडं खाली सरकतं. लाजण्यासारखं यात काहीही नाही काकू, किती बायकांना होतं. वजन उचलायचं नाही. विश्रांती घ्या. गरज वाटली तर पुण्याला माझा मित्र आहे, तो करेल ऑपरेशन.”

आईचा हात कासोट्यावर थांबला. तिलाही कळलं होतं. तोच आजार. तिकडे त्याला नाव होतं, विश्रांती होती, पुणं होतं. इकडे बाकावरची माणसं अजून हसत असतील.

मुलगी पाय हलवत छताकडे बघत होती. “मम्मी, चल ना. बोअर होतंय.”

हेवा आणि मत्सर हे समानार्थी शब्द आहेत, असं आम्ही वर्गात शिकवतो. ते समानार्थी नाहीत. तुझ्याजवळ आहे ते मलाही हवं, हा हेवा. ते तुझ्याजवळ नसावं, हा मत्सर. त्या पडद्यामागे मला दोन्ही झाले. त्या बाईंच्या खुर्चीचा मला हेवा वाटला. त्यांना मिळालेल्या ‘तुम्ही’चा वाटला, कारण आईला ‘तू’ मिळालं होतं. त्या परक्या, कठीण शब्दाचाही वाटला. तो मी मनात घोकून घेतला, चोरी केल्यासारखा. पण सगळ्यांत जास्त हेवा वाटला तो त्या मुलीच्या कंटाळ्याचा. आपल्या आईला दवाखान्यात घेऊन यायचं आणि कंटाळा यावा! भीती नाही, लाज नाही, नुसता कंटाळा. मला वाटलं, तिच्या आईवर कोणीतरी हसावं. एकदाच. जोरात. मग बघू तिला कंटाळा येतो का.

 परतीच्या एसटीतून पोलादपूरच्या स्टँडवर उतरल्यावर आई म्हणाली, “बाय, कुनाला सांगू नको गो.”

मला सांगण्याची गरजच पडली नाही. बाकावरच्या त्या दोघांनी ते काम आधीच केलं होतं. पुढच्याच लग्नात, हळदीच्या मांडवात, कोणीतरी आईला म्हणालं, “काय वैनी, आज अख्खं आंग घेऊन आलाव का काय?” आई पुन्हा हसली. त्यानंतर ती कुठल्याही मांडवात गेली नाही. आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेली नाही.

आमच्या वाडीतल्या बायका डॉक्टरकडे जातच नाहीत, असं मात्र नाही. त्या कंबर घेऊन जातात. अंगावरून जात असो, छातीत गाठ असो, लघवीला आग होत असो, विचारलं की सांगायचं, “कंबर धरते.” कंबर निर्दोष आहे. तिच्यावर कोणी हसत नाही. डॉक्टर मलम देतात, बायका ते घरी आणून खरोखर कंबरेला चोळतात आणि मूळ दुखणं आपल्या जागी वाढत राहतं. प्रत्येक घराच्या फळीवर अशा पिळून चपट्या झालेल्या मलमांच्या नळ्या असतात. शिकलेली माणसं त्याला अडाणीपणा म्हणतात. मी त्याला अनुभव म्हणते. ज्या जागी एकदा चटका बसला, तिथे माणूस पुन्हा उघडा हात ठेवत नाही.

यंदा गणपती झाल्यावर आईला हुडहुडी भरून ताप येऊ लागला. लघवी तुंबली. चार पावलं चालली की ती भिंत धरायची.

“डॉक्टरकडे जाऊ,” मी म्हटलं.

“कसला डाक्टर नि कसलं काय. उतरंल आपसूक.”

“नाही उतरणार.”

“मग मरंन. म्हातारी झाले नाय का आता? पन थय नको नेऊ गो.”

तिच्या डोळ्यांत मला मरणाची भीती दिसली नाही. बाकाची दिसली. मी रिक्षा बोलावली, भावाला तिला उचलायला लावलं आणि तिला महाडला नेलं. दवाखाना दुसरा. डॉक्टर तरुण मुलगी, नवीन, हसतमुख. तिच्या खोलीत वेळ वाचावा म्हणून पुढचे दोन पेशंट आतच स्टुलांवर बसवलेले होते. एक बाई, आणि मोबाइलवर मोठ्याने काहीतरी बघणारा एक माणूस.

“बोला आजी, काय होतंय?”

आईने त्या माणसाकडे पाहिलं. “कंबर धरते वो.”

“आणि ताप आहे ना? साथ चालू आहे सगळीकडे. तापाच्या गोळ्या देते, कंबरेला मलम लावा.” तिने लिहायला सुरुवातही केली. “पुढचे या.”

“थांबा,” मी म्हटलं. “तिची कंबर धरत नाही. तिचं अंग बाहेर येतं. लघवी तुंबली आहे.”

मोबाइलचा आवाज थांबला. स्टुलावरच्या माणसाने मान वर केली. डॉक्टर माझ्याकडे पाहून हसली. क्रूर हसणं नव्हतं ते. आपल्यातलीच समजून माझ्याकडे पाहून केलेलं, जवळिकीचं हसणं होतं.

“मॅडम, तुम्ही तर शिकलेल्या दिसता. असं गावठीत काय सांगता? नीट शब्दात सांगा ना.”

नीट शब्द माझ्याजवळ होता. नववीपासून होता. त्याचं स्पेलिंग मला येत होतं. माझ्या स्वतःच्या बाळंतपणात अशाच परक्या शब्दांनी मी खुर्ची मिळवली होती, ‘तुम्ही’ मिळवलं होतं. तो एक शब्द उच्चारला असता तर त्या क्षणी मी टेबलाच्या पलीकडे, डॉक्टरच्या बाजूला गेले असते, आणि आई एकटी स्टुलावर राहिली असती. आयुष्यभर ज्या शब्दाचा मी हेवा केला तो माझ्या जिभेवर होता. मी तो गिळला.

“हाच नीट शब्द आहे,” मी म्हटलं. “अंग बाहेर येतं. या भागात तुम्ही दवाखाना चालवता, तर हा शब्द तुम्हाला यायला हवा. समजत नसेल तर मी समजावून सांगते. आधी या दोघांना बाहेर पाठवा.”

“अहो, मागे केवढी रांग आहे बघा.”

“पाहिली. त्यातल्या निम्म्या बायका तुम्हाला कंबरच सांगणार आहेत.”

“ओ बाई, आटपा की लवकर,” स्टुलावरचा माणूस म्हणाला. “आमी काय रिकामे हाव?”

“तुम्ही उठा. तुम्ही उठल्याशिवाय माझी आई बोलणार नाही, आणि ती बोलल्याशिवाय मी ही जागा सोडणार नाही.”

आई माझा पदर ओढत होती. “चल गो. चल ना. जाऊया.” तिचा आवाज रडवेला झाला होता. मी बसूनच राहिले. 

दुसऱ्या स्टुलावरची बाई आधी उठली. जाताना तिने आईच्या खांद्यावर हात टेकवला. तो माणूस पुटपुटत गेला. डॉक्टरने स्वतः उठून दार लावलं. तिचे कान लाल झाले होते.

तिने आईला टेबलावर झोपवून तपासलं. बाहेर आलेल्या भागावर घासून घासून जखमा झाल्या होत्या, त्यात पू झाला होता. मागे लघवी साठून मूत्रपिंडांना सूज आली असावी, असं ती म्हणाली. मग तिने हातमोजे काढले आणि आईच्या उशाशी उभी राहिली.

“आजी, हे घेऊन तुम्ही इतकी वर्षं शेतात जात होता?”

“मंग कुनी जायाचं?”

“पण आधी का नाही आलात?”

आईने पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“आले व्हते ना एकदा,” ती म्हणाली. “हसले.”

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागली. मी तिला उत्तर सुचवलं नाही. काही प्रश्न वर्गासमोर तसेच उघडे ठेवायचे असतात.

आई सध्या भरती आहे. ताप उतरतो, पुन्हा चढतो. ऑपरेशन या वयात झेपेल की नाही, हे कोणी सांगत नाही. वेळेवर आली असती तर साधी गोष्ट होती, एवढं मात्र सगळे सांगतात. ते ऐकलं की माझ्या मनात तो जुना हेवा तसाच्या तसा उठतो. त्या वकिलीणबाई आज कशा असतील, याचा मी विचार करते. बऱ्या असतील. त्यांना वेळेवर सगळं मिळालं. शिक्षण, नोकरी, पगार, ‘मॅडम’ हे संबोधन, यांतल्या कशानेही माझा तो हेवा शमला नाही, आणि आता तो शमावा असं मला वाटतही नाही. जे मला हवं होतं ते चैनीचं नव्हतं. ते आमच्या वाट्याचं होतं.

पुढच्या आठवड्यात आमच्या शाळेत आरोग्य शिबिर आहे. बाहेरून डॉक्टर येणार आहेत, गावातल्या बायका येणार आहेत. प्रास्ताविक माझ्याकडे आहे. मुख्याध्यापकांनी विषय लिहून दिला आहे: ग्रामीण स्त्रियांमधील आरोग्यविषयक अज्ञान. मी त्यातला ‘ग्रामीण स्त्रियांमधील’ हा भाग खोडला आहे. पाहुण्यांना मी आमचे शब्द एकेक करून शिकवणार आहे, अर्थासह, आणि नंतर त्यांच्याकडून म्हणून घेणार आहे. कोणी हसलं, तर मी थांबणार आहे. हसणं संपेपर्यंत त्या माणसाकडे पाहत उभी राहणार आहे. मग तोच शब्द पुन्हा म्हणणार आहे, आधीपेक्षा मोठ्याने.