पैलवानाच्या पाटीवरची बारकी अक्षरं

अतुलने थिनरमध्ये बुडवलेलं वेस्टचं फडकं पाटीवरून दोनदा फिरवलं, मग जरा रगडलं, आणि पाटी अशी लखलखली की त्याने खिशातून मोबाइल काढून तिचा फोटोच घेतला. हा मिसळ खाण्याआधी मिसळीचा फोटो काढणारा माणूस. पण पाटी पुसायच्या आधीचा फोटो काही त्याला सुचला नाही. तेवढा सुचला असता, तर पुढचं सगळं निभावून गेलं असतं.

पाटी म्हणजे बिस्किटाच्या पुड्याएवढा पत्रा. बेडसे गावात हौशीरामच्या छपरात उभ्या असलेल्या जुन्या अमेरिकन गाडीच्या बॉनेटखाली तो दोन स्क्रूंनी बसवलेला होता. कारखान्यातून निघताना गाडीत काय काय घातलं, हे त्या पत्र्यावर इंग्रजी अक्षरांनी आणि आकड्यांनी ठोकलेलं होतं. रंग कुठला, छत कसलं, रेडिओ आहे की नाही, सगळ्याला एकेक खूण. पुण्याचं एक गिऱ्हाईक गाडी घ्यायला तयार होतं. मूळचं किती आणि मागाहून घातलेलं किती, एवढं त्याला कळायला हवं होतं. म्हणून हौशीराम शेजारच्या अतुलला म्हणाला, "तू कंपनीत आसलंच वाचत आसतोस. एवढी पाटी वाच."

वाच म्हणाला होता. पण अतुल नवलाख उंबरे गावाजवळच्या कारखान्यात, तपासणी खात्यात. तिथे भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'आधी पुसा, मग वाचा.' ती शिस्त त्याच्या इतकी अंगात भिनली होती की घरी डब्याचं झाकणसुद्धा पुसल्याशिवाय तो आत काय आहे ते बघायचा नाही. त्याची बायको प्रतीक्षा म्हणायची, "तुम्हाला चंद्र दाखवला तरी आधी फडकं मागाल."

हौशीराम हात धुऊन, टॉवेलला पुसत छपरात आला. कामशेतला त्याचं गॅरेज. आयुष्य ट्रॅक्टर, टेम्पो आणि लोणावळ्याच्या घाटात तापलेल्या पाहुण्यांच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेलेलं. तो बॉनेटखाली वाकला. पाटीवरून एक बोट फिरवलं. मग तेच बोट पुन्हा फिरवलं, आंधळा माणूस ओळखीचा चेहरा चाचपतो तसं.

"अतुल, हितली अक्षरं कुटं गेली?"

"आहेत की भाऊ! बघा कशी खणखणीत दिसतायत."

"ती न्हाई. बारकी. पांढरी."

अतुलला आठवलं. प्रत्येक खुणेच्या शेजारी पांढरे ठिपके होते खरे. चुन्याचे शिंतोडे असावेत, असं त्याला वाटलं होतं. ते त्याच्या हातातल्या वेस्टवर आले होते आणि वेस्ट अजून त्याच्या हातातच होतं.

हौशीरामने ते वेस्ट त्याच्याकडून घेतलं, उलगडून पाहिलं आणि रिकाम्या ऑइलच्या डब्यावर बसून राहिला. शिवी दिली असती तर अतुलला बरं वाटलं असतं.

बोलली ती मुक्ताबाई, हौशीरामची बायको. ती चहा घेऊन आली, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, मग पाटीकडे बघितलं आणि कप बॉनेटच्या कडेला ठेवून दिला.

"आमच्या सत्यानं लिवलेलं व्हतं ते," ती म्हणाली. "आमाला पुसलं आस्तंस, तर सांगितलं आस्तं."

अतुलच्या डोळ्यांसमोर कारखान्याची भिंत आली. आधी पुसा. इतकी वर्षं रोज वाचलेल्या त्या दोन शब्दांचा हाही एक अर्थ होता आणि तो त्याला आज बेडशात कळला.

सत्यम हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो शाळेत होता तेव्हा लोणावळ्याच्या एका बंगल्यातली म्हातारी बाई बंगला मोडून मुलीकडे निघाली आणि ही गाडी हौशीरामला देऊन गेली. तिने सांगितलं, ही मसल कार आहे, दांडग्या इंजिनाची. हौशीरामने गावात येऊन सांगितलं, ही मसलवाली गाडी आहे. गावाने दोन मिनिटं विचार केला आणि तिचं नाव 'पैलवान' ठेवलं. नाव तिनेही राखलं. दूध प्यावं तसं पेट्रोल प्यायची, घुमायची भरपूर आणि ऐन कुस्तीच्या वेळी बसून घ्यायची. मग ट्रॅक्टर लावून ओढत आणायची.

पाटीवरच्या खुणा बघून सत्यमने एकदा बापाला विचारलं, हे काय आहे? बापाला ठाऊक असतं तर ना! पण पोरासमोर हरेल तो बाप कसला? त्याने सांगितलं, "गाडी कुटं कुटं न्यायची ते कंपनीनं लिवलंय. एल म्हंजी लोनावळा. एम म्हंजी मळवली. के म्हंजी कामशेत. व्ही वडगाव, टी तळेगाव."

"अमेरिकेतल्या मानसांना वडगाव म्हाईत हाय?"

"मंग? कंपनी हाय ती."

सत्यमने नंबरप्लेट रंगवून उरलेल्या पांढऱ्या ऑइलपेंटात काडी बुडवली आणि प्रत्येक खुणेशेजारी मराठीत लिहिलं. लो. म. का. व. त. शेवटी एक एक्स होता. त्याला बापाने 'फुली' म्हटलं. "तितं आपण आजून गेलो न्हाई." "कवा जायाचं?" बाप म्हणाला, "बघू." पोराने एक्सशेजारी लिहून ठेवलं, 'बघू'.

पुढे मोठं झाल्यावर त्याला खरं कळलं असणारच. बापाला त्याने ते कधी सांगितलं नाही. गाडीला पिवळा रंग मारला, टेप बसवला, बापाला शेजारी बसवून पाटीवरची गावं पुन्हा पुन्हा हिंडवली. शाळेच्या वह्या त्याने स्वतःच रद्दीत घालून स्पार्क प्लग आणले होते. त्यामुळे त्याच्या हातचं लिहिलेलं घरात काही उरलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात कान्हे फाट्यावर कंटेनरने त्याची मोटरसायकल उडवली. तेव्हापासून पैलवान छपरात उभा. मुक्ताबाई म्हणाली, गाडी उभी दिसली की पोरगा आला आसं वाटतं, रोज वाटतं, तुमी ती कुनाला तरी देऊन टाका. हौशीराम कबूल झाला. गिऱ्हाइकाला त्याने एकच अट घातली होती. गाडीचं काय पायजे ते करा, पाटीला हात लावायचा न्हाई. पुण्याचा तो परका माणूस काही न विचारता हो म्हणाला होता.

हात लावला तो घरच्यासारख्या शेजाऱ्याने.

कुठल्या खुणेशेजारी काय लिहिलं होतं, ते मुक्ताबाईने अक्षरन् अक्षर सांगितलं. अतुलला काय करावं कळेना, तेव्हा त्याने माणसं करतात तेच केलं. काम पुढे चालू ठेवलं. मोबाइलवर खुणांचे अर्थ शोधून तो मोठ्याने सांगू लागला.

"एल म्हणजे बॉनेटखालचा दिवा, भाऊ."

"लोनावळा म्हंजी दिवा व्हय," हौशीराम म्हणाला.

"एम म्हणजे दारावरची चकचकीत पट्टी. के म्हणजे रेडिओ न घातलेली गाडी."

"टेप त्यानं बशिवला. भोक वाकडं पडलं. मी लय बोललो त्याला."

"व्ही म्हणजे काळं छत. टी म्हणजे जाड स्प्रिंगा. आणि रंग… रंग निळा लिहिलाय."

"निळीच व्हती. पिवळी त्यानं केली. म्हनला, धुक्यात दिसंल."

राहिला एक्स. अतुलने तो शोधला. पडद्यावर एकच ओळ आली. इथे यादी संपली, यापुढे काही नाही.

त्याने मोबाइल खिशात ठेवला. "रेंज गेली भाऊ. शेवटचं नाही कळत."

"ऱ्हाऊ दे." हौशीरामने वर बघितलं नाही. "त्ये न्हाई कळलं तरी चालंल."

चहावर साय धरली होती. मुक्ताबाई दाराशी पाठ करून उभी होती.

"गिऱ्हाइकाला काय सांगू?" अतुलने विचारलं.

"सांग, पाटी आता कंपनीतनं आल्यावानी झालीया."

अतुलला ते सहन झालं नाही. कोपऱ्यात पांढऱ्या पेंटचा डबा होता. त्याने झाकण उचकटलं, वर धरलेली साय काडीने बाजूला केली आणि तीच काडी आतल्या ओल्या रंगात बुडवली. "भाऊ, कुठं काय होतं ते सगळं मला आता पाठ आहे. लो, म, का, व, त. शेवटी बघू. आत्ता बसल्या बसल्या सगळी अक्षरं होती तशी काढून देतो."

हौशीरामने हातातल्या वेस्टची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"अक्षरं काढशील रं, त्याचं अक्षर कुटनं आनशील?"