संत्र्याच्या लाकडाचा धूर

वर्षातून दोनदा माझे हात निळे व्हायचे. पावसाळ्याच्या आधी आणि पावसाळा सरल्यावर संत्र्याच्या खोडांना मोरचूद आणि चुन्याचा लेप लावतात, खोडातून डिंक गळून झाड मरू नये म्हणून. आमचं गाव पारशिवनीकडचं. बागा दुसऱ्यांच्या, लेप लावणारे हात आमचे. बाप माझ्या लहानपणीच गेला, त्यामुळे आई रोज कामाला आणि मी रविवारी. सोमवारी शाळेत डबा उघडला की पोरी माझी बोटं बघून सरकून बसायच्या. मीही मग पाठ करून जेवायची. डब्यात तरी काय होतं दाखवण्यासारखं.

संत्र्यांचा तोडा संपला की झाडांवरच्या वाळलेल्या फांद्या काढतात. त्याला सल म्हणतात. ती सल बागवाला कामकऱ्यांना नेऊ द्यायचा. आमच्या चुलीत वर्षभर तेच लाकूड. त्याचा धूर डोळ्याला झोंबायचा, पण वास गोडसर असायचा.

धुळवडीचं मटण आम्ही मामाकडे खायचो. म्हणजे आई तिथं सकाळपासून रांधायची आणि सगळ्यांची पंगत उठली की गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, तळाशी राहिलेलं पुसून खायची. निघताना मामी कच्च्या बरगड्यांचे चार तुकडे द्यायची. घरी फ्रिज नव्हता. आई त्यांना मीठ, हळद, लसूण चोळून चुलीवरच्या तारेला टांगायची. दोन दिवस सलीचा धूर खाऊन ते मटण तपकिरी व्हायचं. मग रोज थोडं थोडं. त्या चवीसाठी मी आणि माझा धाकटा भाऊ भांडायचो.

एकदा मामी घरी आली, वर बघून हसली. "काय वं बाई, मटणाचं तोरण बांधलं का दाराले?"

 त्यानंतर कोणी येताना दिसलं, की आई आधी तार सोडायची.

मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात पहिली. एसटीनं रोज नागपूर गाठून झाले, हे मी आजही कोणी न विचारताही सांगते. नोकरी लागली, नागपुरातच हुडकेश्वरला दोन खोल्या आणि वर गच्ची एवढं घर झालं, आई आणि भाऊ इथं आले. गॅस आला, चूल गेली.

यंदा मी मामाला फोन केला, धुळवडीला आमच्याकडे या. आणि आईला सांगितलं, मटण संत्र्याच्या धुरावर करायचं.

आई भडकलीच. "काहून वं? उभी जिंदगी धुरात काढली मी. आता गॅस हाय तं तू धूर इकत आणून राहिली! अन् मामीच्या समोर?"

"मामीच्या समोरच," मी म्हटलं.

भावाचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्यानं पत्र्याच्या ड्रमला खाली हवेची भोकं पाडली, आत जाळी बसवली, वर झाकण. गावाकडं गेल्या उन्हाळ्यात तोडलेल्या बागेतून लाकूडही त्यानंच आणलं. जाडजूड, मांडीएवढे ओंडके. आदल्या रविवारी आम्ही कोंबडीच्या चार तंगड्या टाकून बघितल्या. धूर उठला आणि माझा घसा धरला. तो वास आमच्या चुलीचा नव्हता. उरलेला एक ओंडका उलटा केला, तर सालीच्या भेगेत फिकट निळी रेघ.

"खोड आणलं तू, गा! याच्यावर मोरचूद हाय. फेक त्या तंगड्या."

"कुत्र्याले देऊ?"

"कुत्र्यालेही नको."

तो तंगड्यांकडं बघत हळहळला. "हे बी.कॉम.ले शिकवलं का वं, ताई?"

"नाही. हे रविवारी शिकली मी."

तो परत गावाकडं गेला आणि वरच्या फांद्यांची बारीक, वाळकी सल घेऊन आला. ड्रम घासून, रिकामाच पेटवून कोरा केला.

धुळवडीला पहाटेच बरगड्या चोळल्या. गच्चीवर ड्रममध्ये निखारे झाले, त्यावर सल ठेवली, झाकण लावलं. भाऊ म्हणाला, "बाजूले रस्सा ठेवजो. नाही तं मामी उपाशी जाईन अन् गावभर सांगन." रस्साही केला. आई जिन्याच्या दारातच उभी. मी तिसऱ्यांदा झाकण उचललं, तेव्हा तिला राहवलं नाही. "घडी घडी काय पाह्यते? धूर मरते नं!" तिनं मला बाजूला सारलं, स्टूल ओढलं आणि ड्रमजवळ बसली. दुपारपर्यंत उठली नाही.

मामा-मामी आले. मामीनं जिन्यातच नाक वर केलं. "काय वं बाई, इथंही तोरण?"

आईचा हात पदराकडं गेला. मी म्हटलं, "हो मामी. आईनंच बांधलं. बसा."

पाच ताटं मांडली. आई स्वयंपाकघराकडं वळली. "वाढीन कोण?"

"मी वाढते. तू बस."

भावानं तिला खांदे धरून बसवलं, मामीच्या बाजूला. मी बरगड्या वाढल्या. मामीनं एक तुकडा तोडला.  हाड चोखून ताटाच्या कडेला ठेवलं आणि ताट पुढं केलं. रस्सा घेऊन गेले, तर म्हणाली, "तो राहू दे. हेच आण."

हात धुताना तिनं आईला हळूच विचारलं, "थोडंसं घरी न्यायले देता का, बाई?"

आईनं ताटावरून मान वर केली. "ने नं. कच्चं देतो. तारेले बांधजो."

मामा ठसका लागेपर्यंत हसला. मामीही हसली, तिला दुसरं काय करता येणार होतं. आई मात्र हसली नाही. तिनं निवांत आणखी एक बरगडी मागून घेतली.

त्या धुळवडीला माझी आई पहिल्या पंगतीत बसली आणि गरम गरम जेवली.