आबांच्या गळ्यातली पिशवी

आबांच्या दशक्रियेला मी माझा फोन बुडवला. भीमेत तीन बुड्या मारल्या, पण नदीचा एक थेंबही त्याला शिवला नाही. तो बुडाला आमच्याच मोरीतल्या पाण्यात, जे मी घरून सोबत घेऊन गेलो होतो!

सांगायला लाज वाटते, कारण रांजणगावच्या कंपनीत माझं काम लीक टेस्टिंगचं आहे. पार्ट पाण्यात धरायचा, आत हवा सोडायची, बुडबुडा दिसला की लाल खूण करायची. बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या मालातली गळती शोधतोय आणि या कामाचा मला गर्व आहे. (होता.)

गाव आमचं दौंड तालुक्यात, भीमेकाठी. माझे वडील, आबा, उसाला दारं धरायला जायचे आणि वर्षाला एक फोन पाटाच्या पाण्यात सोडून यायचे. तिसरा फोन गेला तेव्हा मी शिक्रापुरातून गळ्यात अडकवायचा वॉटरप्रूफ पाऊच घेतला आणि गावी नेऊन दिला. वापरायचा कसा, तेही अर्धा तास शिकवलं. आधी आत कोरडा कागद घालून बादलीत बुडवायचा, कागद कोरडा निघाला तरच फोन ठेवायचा, क्लिपेत मातीचा कण राहू द्यायचा नाही. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पाऊचमध्ये तंबाखू ठेवली. फोन पुन्हा बंडीच्या खिशात.

"फोन दुसरा मिळतूय," ते म्हणाले. "वल्ली तंबाखू कुणाला द्यायची?"

आबा गेले त्याच्या आदल्या सकाळी त्यांचा मला फोन आला होता. मी कंपनीच्या बसमध्ये, बस शिक्रापूरच्या चौकात अडकलेली, बाहेर ट्रकांचे हॉर्न आणि मागच्या सीटवर क्रिकेटवरून भांडण. आबांचा एक शब्द कानात शिरेना. मी आपला व्हय व्हय करत राहिलो आणि फोन कट केला. संध्याकाळी निवांत बोलू म्हटलं. संध्याकाळी ओव्हरटाइम लागला. दुसऱ्या दिवशी उजाडताच तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा फोन आला. आबा उसाच्या बांधावर बसल्या बसल्याच गेले होते.

माझ्या फोनला प्रत्येक कॉल रेकॉर्ड करून ठेवायची खोड आहे. म्हणजे आबांचं शेवटचं बोलणं त्यात होतं, आणि जगात दुसरीकडं कुठंही नव्हतं. नऊ दिवस मी त्या नावावर बोट न्यायचो आणि मागं घ्यायचो. धीरच होईना. आई रोज विचारायची, काय म्हणत हुते रं तुला? आपण ऐकलंच नाही हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? शेवटी म्हटलं, दहावा होऊ दे, मग दोघं मिळून ऐकू.

दहाव्याला फोन कुणाच्या हाती द्यायचा? भावकीतली पोरं गेम खेळून बॅटरी संपवतात, त्यातलं एखादं सगळंच पुसून टाकायचं. मग खुंटीवरचा आबांचा पाऊच काढला. नियमाप्रमाणं आत कागद घातला, बादलीत बुडवला. कागद कोरडा ठणठणीत! पण आतून तंबाखूचा असा भपकारा आला की मी पाऊच साबण लावून चांगला घासला, दोनदा झटकला, फोन आत सरकवला आणि क्लिपा कडाकड लावल्या. कोपऱ्यात थोडं पाणी साचलेलं दिसत होतं. मी मनात म्हटलं, आतल्या पाण्याचं काय, पाणी नेहमी बाहेरून येतं. (बारा वर्षांचा अनुभव!)

घाटावर मुंडण केलं, बुड्या मारल्या, आणि ओल्या अंगानं उन्हात बसलो. तेवढ्यात एका पुढाऱ्यानं श्रद्धांजलीसाठी माईक हातात घेतला. आबांना ते कधी भेटले नव्हते, त्यामुळं बोलायला त्यांना भरपूर होतं. इकडं माझ्या छातीवर ऊन तापत होतं आणि गळ्यातला पाऊच आतून वाफेनं धुरकट होत चालला होता. पुढारी आबांच्या सहकारातल्या योगदानावर आले आणि फोन एकदाच थरथरला अन् विझला.

तात्यांनी पाऊच उघडून फोन बाहेर काढला, तांदूळ पाणी ओढतो असं सांगितलं आणि समोर दिसली त्या तांदळाच्या पिशवीत तो खुपसला. मी गुडघ्यात डोकं घालून रडलो. लोकांना वाटलं बापासाठी रडतोय. तेही खरंच होतं.

इकडं पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या लिंबावर पाच-सहा बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. मी हात जोडून आईला सांभाळीन म्हणालो. कावळे ढिम्म. तात्यांनी तर बांध कोरणार नाही असं चारचौघांत कबूल केलं! कोरत होते हे आम्हाला तेव्हाच कळलं. कावळे तरी ढिम्मच. मग आई उठली. माझ्या गळ्यातला पाऊच तिनं काढला, पिंडाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "घ्या, तुमची पिशवी." एक कावळा उतरला, त्यानं पाऊचला टोच मारली आणि मग पिंडाला शिवला.

सगळे सुटले. मी तांदळाकडं धावलो, तर पिशवी गायब. तो गुरुजींना द्यायचा शिधा होता आणि गुरुजी तो घेऊन स्कूटरवरून पुढच्या गावच्या दहाव्याला गेले होते! तसाच टकला, ओल्या धोतरात, तात्यांच्या मागं मोटरसायकलवर बसून मी त्यांना गाठलं. गुरुजींनी फोन काढून हातात ठेवला.

"शिध्यात मोबाईल निघाला," ते म्हणाले. "म्हटलं, घराणं मोठं दिसतंय."

दौंडच्या दुरुस्तीवाल्यानं फोन खोलला आणि भिंग लावून बराच वेळ पाहत बसला. आत साबणाचं पाणी कसं, असं त्यानं विचारलं. मी सगळं सांगितलं. नोकरीचंही सांगितलं.

"पाऊच लई भारी हाय तुमचा," तो म्हणाला. "बाहेरचं आत येऊ दिलं न्हाई, आन् आतलं बाहेर जाऊ दिलं न्हाई." आवाज मिळेल की नाही, हे मात्र त्याला सांगता येईना. ते दोन दिवस मी जेवलो असेन, पण काय ते आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी फोन सुरू झाला. मी आईजवळ बसलो, एवढे दिवस खरं लपवल्याचं कबूल केलं आणि रेकॉर्डिंग लावलं. आधी हॉर्न, मग आबा.

"आरं, तुझ्या आईनं ती पिशवी धुतली आन् वल्लीच बंद केली. समदी तंबाखू बुरसली. धुतल्यावर उलटी करून वाळत टाकायची, पार वाळली का मगच तोंड बंद करायचं. तू बी तसंच करशील, म्हणून सांगतोय. कळलं का?"

"व्हय आबा, व्हय."

"काय कळलं?"

"व्हय, व्हय."

"न्हाई आयकलंस," आबा म्हणाले, आणि मी फोन कट केला.

आई पदरात तोंड घालून हसली, मग रडली, मग परत लाव म्हणाली. आता ती रोज सकाळी ते लावायला सांगते. आबा रोज तेच विचारतात, आणि मी अजूनही व्हयच म्हणतो.